नव्या खाऱ्या टँकमधलं तपकिरी शेवाळ: इंदूरच्या पाण्यात ते का माजतं आणि कसं आवरायचं

खाऱ्या पाण्याचा नवा टँक लागतो, अमोनिया उतरतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या वाळूवर तपकिरी डाग दिसायला लागतात. मग दगड, मग काच. सकाळी पुसलेली काच संध्याकाळी पुन्हा धुरकट. इथे बहुतेक जण घाबरतात आणि निम्मं पाणी बदलतात, तीन दिवस दिवे बंद ठेवतात किंवा शेवाळ मारायचं औषध आणतात. औषध गोगलगाईंच्या जिवावर उठतं, अंधाराने तात्पुरता फरक पडतो, आणि पाणी बदलल्याने तर बऱ्याचदा शेवाळ वाढतं. ते का वाढतं हे समजलं की पुढचा सगळा उपाय सोपा होतो.

हे शेवाळ म्हणजे डायटम. एकपेशीय जीव, प्रत्येकाभोवती सिलिकाचं, म्हणजे जवळपास काचेचंच, कवच. फ्युकोझँथिन नावाच्या रंगद्रव्यामुळे त्यांना सोनेरी-तपकिरी रंग येतो. प्रकाश, नायट्रेट आणि फॉस्फेट सगळ्याच शेवाळांना लागतं, पण डायटमला त्याशिवाय पाण्यात विरघळलेली सिलिका लागते. ती नसेल तर कवच होत नाही, कवच नसेल तर पेशी दुभागत नाही. नव्या टँकमध्ये वाळू, दगड आणि पाणी तिन्ही नवं असतं, जागेसाठी भांडणारं दुसरं कोणी नसतं, म्हणून पहिली वस्ती डायटमची होते. आहे ती सिलिका संपली आणि बाहेरून नवी आली नाही, की सहा ते आठ आठवड्यांत थर आपोआप विरळ होतो. बाहेरून येत राहिली तर वर्षभरही जात नाही.

म्हणून पहिला प्रश्न एकच: तुम्ही टँकमध्ये कोणतं पाणी ओतता?

इंदूरचं पाणी

माळव्याचं पठार बेसाल्टचं आहे, दख्खनच्या लाव्ह्याचं. या खडकातली खनिजं झिजताना सिलिका सोडतात आणि ती भूजलात उतरते. त्यामुळे बोअरच्या पाण्यात सिलिका असणारच असं धरून चाला. १९७८ पासून शहराला जलूदहून उचलून आणलेलं नर्मदेचं पाणी मिळतं. ते पिण्याला उत्तम, पण नदीचं पाणीही खडकांतूनच वाहत येतं, तेव्हा सिलिका त्यातही असते. शिवाय बऱ्याच घरांत नळाचं पाणी पुरत नाही तेव्हा त्याच हौदात बोअरचं किंवा टँकरचं पाणी पडतं. नळ तोच, पण पाणी या आठवड्यात एक आणि पुढच्या आठवड्यात दुसरं. उन्हाळ्यात हे हमखास होतं. हौदात टँकर रिकामा झाला की त्या दिवशी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, पुन्हा मोजा.

उकळल्याने सिलिका जात नाही, उलट पाणी आटून ती दाट होते. तुरटीवर किंवा सॉफ्टनरवरही भरवसा ठेवू नका. सॉफ्टनर फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो.

स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी चालेल का, हा हमखास येणारा प्रश्न. सहसा नाही. त्या मशीनमध्ये बहुधा चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, जो मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून, आलेल्या शुद्ध पाण्यात थोडं कच्चं पाणी मिसळतो. काही मशीनमध्ये वर मिनरल काडतूसही असतं. वीस लिटरच्या जारच्या पाण्याचीही तीच गत.

टीडीएस शून्य, तरी शेवाळ

नवखे इथेच सगळ्यात जास्त फसतात. टीडीएस मीटर विरघळलेले पदार्थ थेट मोजत नाही, तो पाण्याची वीज वाहण्याची क्षमता मोजतो. साध्या पाण्यात सिलिका ही सिलिसिक आम्लाच्या रूपात असते आणि त्यावर विद्युतभार जवळजवळ नसतो. त्यामुळे मीटरला ती दिसतच नाही. आरओनंतर उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे म्हणजे डीआय रेझिन. त्याची धरून ठेवायची ताकद संपत आली की सगळ्यात आधी निसटते तीही सिलिकाच, कारण रेझिनची तिच्यावरची पकड सगळ्यात सैल. म्हणजे मीटर शून्य दाखवत असताना सिलिका टँकमध्ये उतरायला लागलेली असू शकते. यावर उपाय दोन: रेझिन वेळेआधी बदला, आणि सिलिकेटचा (म्हणजे पाण्यातली सिलिका मोजणारा) टेस्ट किट एकदा घ्याच. गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यांवर चालणारा किट घ्या आणि आधी टँकचं पाणी न मोजता डीआयमधून निघणारं पाणी मोजा. तिथे काहीच दिसायला नको. टँकमध्ये मोजलेला आकडा फसवा असतो. डायटम सिलिका खाऊन टाकतात, त्यामुळे थर माजलेला असतानाही आकडा कमी येऊ शकतो.

आता उन्हाळ्याचा हिशेब बघा. २०० लिटरच्या टँकमध्ये दगड-वाळू वजा जाता साधारण १६५ लिटर पाणी मावतं. मे महिन्यात इंदूरची हवा कोरडी असते आणि पाणी थंड ठेवायला वर पंखा लावलेला असतो. अशा वेळी दिवसाला ५ लिटर पाणी उडून जाणं सहज शक्य आहे. महिन्याला १५० लिटर, म्हणजे जवळपास अख्खा टँक. उडतं ते शुद्ध पाणी, मागे राहतं ते सगळं टँकमध्येच. समजा भरतीच्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम सिलिका आहे, तर महिन्याभरात ३ ग्रॅम, म्हणजे टँकच्या प्रत्येक लिटरमागे १८ मिलिग्रॅम. मेम्ब्रेनने ९५ टक्के सिलिका अडवली तरी महिन्याला लिटरमागे जवळजवळ १ मिलिग्रॅमची भर पडतेच आणि तेवढ्यावर डायटम आरामात जगतात. नुसता आरओ पुरत नाही तो यामुळे. पुढे डीआय लागतोच.

पाण्याचा संच

सुटे भाग शहरातल्या आरओ स्पेअरच्या दुकानात मिळतात, डीआय काडतूस आणि रंग बदलणारं मिक्स्ड बेड रेझिन बहुधा बाहेरून मागवावं लागतं. क्रम असा: १० इंची ५ मायक्रॉन पीपी स्पन फिल्टर, मग कार्बन ब्लॉक, मग २४ व्होल्टचा बूस्टर पंप, ७५ किंवा ८० जीपीडीचं (दिवसाला तेवढे गॅलन पाणी देणारं) मेम्ब्रेन, आणि शेवटी एकापाठोपाठ दोन डीआय काडतुसं. वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीवर ४५० चा एफआर, म्हणजे प्रवाह रोखणारा तुकडा, लावा.

बूस्टर पंप गाळू नका. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्यावर येणाऱ्या पाण्याला १० मीटर उंचीमागे साधारण १४ पीएसआय दाब मिळतो, आणि मेम्ब्रेनला ६० च्या आसपास लागतो. दाब कमी पडला की पाणी तर कमी येतंच, शिवाय गाळणीही ढिली पडते आणि रेझिन लवकर संपतं. कार्बन ब्लॉक क्लोरीनसाठी आहे, क्लोरीन मेम्ब्रेन खातं. स्पन फिल्टर मातकट झाला की बदला, पावसाळ्यात तो लवकर भरतो.

संच बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचं पाणी एकसारखं होत जातं, म्हणून सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांचं पाणी रेझिनकडे न जाऊ देता बाहेर सोडा. यासाठी मेम्ब्रेननंतर एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा व्हॉल्व्ह पुरतो. एवढ्या एका सवयीने रेझिन बरंच जास्त टिकतं. पहिल्या काडतुसाचा रंग वरपर्यंत बदलला की ते रिकामं करून नवं रेझिन भरा, दुसरं उचलून पहिल्याच्या जागी लावा आणि नवं भरलेलं शेवटी. अशा फिरवाफिरवीत टँकला मिळणारं पाणी नेहमी ताज्या रेझिनमधून येतं आणि निसटलेली सिलिका दुसरं काडतूस पकडतं.

वाया जाणारं पाणी फरशी आणि संडाससाठी ठेवा. बोअरचं असेल तर कुंड्यांना नको, क्षार जास्त असतात.

तयार पाणी नव्या, खाद्यपदार्थांसाठीच्या ड्रममध्ये झाकून ठेवा. आधी रसायन भरलेला निळा ड्रम कितीही धुतला तरी वापरू नका. मीठ घालताना पाण्यात मीठ, मिठात पाणी नाही, नाहीतर कॅल्शियम खाली बसून पाणी दुधाळ होतं. २० लिटरला साधारण ७२० ग्रॅम रीफ सॉल्ट घ्या, छोट्या पंपाने काही तास फिरवत ठेवा, २५ अंशांवर घनता १.०२५ ते १.०२६ आली की झालं. खारटपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आधी ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग क्षार असलेल्या) द्रवाने जुळवून घ्या. किराणा दुकानातल्या मिठाचा प्रश्नच येत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी यांतलं कामाचं काही नसतं. उडून गेलेल्या पाण्याची भरती मात्र बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्यानेच.

नक्की डायटमच आहे का

तपकिरी दिसणारं सगळं डायटम नसतं, आणि चुकीचं ओळखलं तर उपाय उलटा पडतो. डायटमचा थर पिठीसारखा असतो. बोटाने हलवला की धुरळा उडतो, काचेवरून एका फटक्यात निघतो. सायनोबॅक्टेरिया चादरीसारखे, बहुधा लालसर-जांभळट, कडेला धरून ओढले तर तुकडाच्या तुकडा सुटतो. डायनोफ्लॅजेलेट चिकट, शेंबडासारखे. दुपारनंतर त्यांच्या तारांमध्ये हवेचे बुडबुडे अडकलेले दिसतात आणि दिवे गेल्यावर रात्रीतून थर कमी होतो.

शंका असेल तर बाटलीची चाचणी करा. सिरिंजने थर ओढून टँकच्याच पाण्यासह छोट्या पारदर्शक बाटलीत घ्या, झाकण लावून जोरात हलवा, मग टिश्यू पेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. पुन्हा तारा जुळून गोळे झाले तर ते डायनो. पाणी तसंच राहिलं किंवा तळाशी नुसता गाळ बसला तर डायटम. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं ४०० पट दाखवणारं सूक्ष्मदर्शक मिळालं तर उत्तमच. डायटम होडीच्या किंवा काडीच्या आकाराचे, कडा काचेसारखी स्वच्छ, जागच्या जागी किंवा सावकाश सरकणारे. डायनो गोल-लंबगोल आणि बहुधा गरगर फिरणारे.

डायनो निघाले तर हा लेख बाजूला ठेवा. ते बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेल्यामुळे येतात, तिथे पोषण वाढवावं लागतं. काही जाणकार तर डायनोवर मात करायला मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात. दोन दुखणी किती उलट आहेत ते यावरून कळावं.

वाळू आणि दगड

बांधकामाची नर्मदेची वाळू कितीही सुंदर दिसली तरी टँकमध्ये घालू नका. क्वार्ट्झ स्वतः समुद्राच्या पाण्यात फार सावकाश विरघळतं हे खरं, पण त्या वाळूत बारीक धूळ, माती आणि लोहाचे कण असतात. आधीच घातली असेल आणि कसली आहे ते माहीत नसेल तर चमचाभर वाळू वाटीत घेऊन वर व्हिनेगर टाका. फसफसली तर अॅरॅगोनाइट (शंख-प्रवाळातलं चुन्याचं खनिज) किंवा निदान चुनखडीची, गप्प राहिली तर सिलिकाची. फसफसणारी वाळूही घालण्याआधी बादलीत पाणी नितळ येईपर्यंत धुवा, शेवटचं धुणं आरओ पाण्याने.

काळा बेसाल्ट, अगेट, रंगीत खडे हे सगळं बाहेरच ठेवा. काच आणि सिलिकॉन सीलंटमधून सिलिका येते असं पुष्कळदा ऐकायला मिळतं, तिकडे लक्ष देऊ नका. त्यांच्यातून येणारं प्रमाण मोजण्यालायक नसतं.

दगड कोरडा किंवा कारखान्यात तयार केलेला घ्या. किनाऱ्यावरून कोणी आणून दिलेला प्रवाळाचा दगड घेऊ नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या यादीत कठीण प्रवाळ २००१ पासून आहे, आणि शंख-गोगलगाईंच्या काही जातीही. ट्रोकस आणि टर्बो या गटांतल्या जातीही त्यात येतात, म्हणून गोगलगाय घेताना जात विचारा आणि बिल मागा.

आठवड्याची सफाई

पाण्याचा स्रोत सुधारला की टँकमधलं काम म्हणजे फक्त तयार थर बाहेर काढणं. आठवड्यातून दोनदा पुरे, रोज पुसत बसण्याने काही साधत नाही. एवढं लक्षात ठेवा की मेलेल्या डायटमचा गाळ टँकमध्येच राहिला तर कवचातली सिलिका हळूहळू परत पाण्यात येते. नुसतं पुसून थर पाण्यात उडवला की तो फक्त जागा बदलतो, बाहेर जात नाही.

पंप बंद करा. आधी दगडांवर बास्टरने (रबरी फुग्याच्या मोठ्या ड्रॉपरने) किंवा पुढे नळीचा तुकडा लावलेल्या ५० मिलिलिटरच्या सिरिंजने फवारे मारा. मग मॅग्नेटने काच पुसा, वाळूच्या रेषेच्या दोन बोटं वरच थांबा. मॅग्नेटमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी काचेवर कायमची रेघ पडते, म्हणून खालची पट्टी जुन्या प्लास्टिक कार्डाने. त्यानंतर ६ ते ८ मिलिमीटरच्या नळीने वाळूचा वरचा तपकिरी पापुद्रा, फक्त दोन-तीन मिलिमीटर, सायफनने ओढा. जाड नळी घेतली तर बादली भरते आणि वाळू जाते, बारीक नळीने २० लिटरमध्ये बरीच जागा साफ होते. खोलवरची वाळू ढवळू नका. पंप सुरू करून फिल्टरमध्ये ताजा कापूस ठेवा आणि दोन-तीन तासांनी तो काढून टाका, रात्रभर ठेवू नका. शेवटी तेवढंच, आधी मुरवलेलं खारं पाणी भरा.

आठवड्याला १० टक्क्यांच्या वर पाणी बदलायची गरज नाही. पाणी डीआयचं असल्याची खात्री होईपर्यंत तर अजिबात जास्त नको. निम्मं पाणी बदलून शेवाळ वाढतं ते यामुळेच: नव्या पाण्याबरोबर नवी सिलिका.

थर जिथे पुन्हा पुन्हा बसतो तिथे पाणी साचलेलं असतं. वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी फिरवणारा पंप, थोडा वळवून त्या कोपऱ्यात प्रवाह द्या. प्रवाळ ठेवायचा विचार असेल तर २०० लिटरला एकूण ताशी ४००० ते ६००० लिटर प्रवाह योग्य, नुसते मासे असतील तर त्याच्या निम्म्यानेही भागतं.

दिवे, खाणं, पोषण

दिवे सहा तासांवर आणा आणि खिडकीचं थेट ऊन थांबवा. पण फार आशा ठेवू नका, डायटमला मंद प्रकाशही पुरतो. पूर्ण अंधार तीन दिवस ठेवला तर थर उतरतो आणि दिवे लागल्यावर आठवड्यात परत येतो, कारण सिलिका तिथेच असते. मासे असतील तर दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं.

नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या दरम्यान ठेवा. शून्यावर नेण्याचा हट्ट धरलात तर तपकिरी डायटम जाऊन तपकिरी डायनो येतील, आणि त्यांना घालवणं कितीतरी अवघड.

सिलिका शोषून घेण्यासाठी ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइड मिळतं. ते काम करतं, पण फॉस्फेटही ओढतं. म्हणून स्रोत दुरुस्त करून सहा आठवडे झाले तरी सिलिकेट उतरत नसेल तेव्हाच वापरा: पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने, लाल पाणी जाईपर्यंत धुऊन, छोट्या रिअॅक्टरमध्ये (ज्यातून पाणी फिरतं अशा नळकांड्यात) दाणे जेमतेम हलतील एवढ्या प्रवाहात. दर तिसऱ्या दिवशी फॉस्फेट मोजा आणि ते ०.०३ च्या खाली गेलं की काढून घ्या.

गोगलगाई कधी आणि किती

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्याशिवाय एकही नको. त्यानंतर २०० लिटरला चार सेरिथ आणि दोन-तीन नेराइट एवढ्यावर सुरुवात करा. सेरिथ वाळू आणि दगड दोन्ही चरतात, नेराइट काच आणि दगड. नेराइटला टँकबाहेर चढायची सवय असते, झाकण हवं. नासारियस शेवाळ खात नाहीत पण वाळूतून फिरून वरचा पापुद्रा मोडतात आणि उरलंसुरलं खाणं संपवतात, दोन-तीन ठेवायला हरकत नाही. अॅस्ट्रिया उलट्या पडल्या की बहुधा स्वतः सरळ होत नाहीत, रोज बघून उचलाव्या लागतात.

दुकानदार एकदम तीस-चाळीस घ्या म्हणतो. घेऊ नका. थर दोन महिन्यांत संपतो आणि मग त्या उपाशी मरतात, मेलेली गोगलगाय कवचात सडून पुन्हा अमोनिया सोडते. कुरियरने आलेल्या गोगलगाईंना घनतेतला फरक फार लागतो, तेव्हा पिशवीतल्या पाण्यात टँकचं पाणी थेंब-थेंब सोडून पाऊण ते एक तास जुळवून घ्या आणि पिशवीचं पाणी टँकमध्ये ओतू नका. ज्या टँकमध्ये पूर्वी माशांना तांब्याचं औषध दिलं आहे तिथे गोगलगाई जगण्याची शक्यता फार कमी.

तपकिरी थर विरळ होऊन काचेवर हलकी हिरवी झाक यायला लागली की टँक पुढच्या टप्प्यात गेला असं समजा. त्या सुमाराला गोगलगाईंना आठवड्यातून दोनदा बोटभर नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) दगडाला रबरबँडने बांधून द्या, आणि दुसऱ्या दिवशी उरलेला तुकडा काढून घ्या.